खुंट्या उपटल्या त्या दिवसाची नोंद

लोकपालाच्या खोलीत पहिल्यांदा आलेला माणूस सहसा बसत नाही. समोर खुर्ची असते, बसा म्हटलेले असते, तरी तो फाइल छातीशी धरून उभाच राहतो. बसल्यावर आपली तक्रार सौम्य होईल, अशी भीती त्याला वाटत असावी. त्यामुळे तो बसेपर्यंत विषयाचे काही विचारायचे नाही, एवढा एक नियम मी ठरवून घेतला होता. गाव कोणते, एसटी वेळेवर मिळाली का, नगरला गाडी बदलावी लागली का. तो बसला की मग कागद.

विद्यापीठाचा लोकपाल म्हणजे कोण, हे विद्यापीठातही फार जणांना ठाऊक नसते. श्रीगोंद्याकडचे एक गृहस्थ मुलाच्या गुणपत्रिकेचे काम घेऊन आले होते. साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी. त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली, मग मला विचारले, "तुमी कलेक्टरच्या वर का खाली?"

मी म्हणालो, बाजूला.

"म्हंजी कशातच न्हाई," ते म्हणाले आणि थोडा विचार करून बसले. "ऱ्हाऊ द्या. ऐकून तर घ्या."

पदाची याहून नेमकी व्याख्या नियमावलीत नाही. विद्यार्थ्याची तक्रार आधी महाविद्यालयाच्या समितीकडे जाते. तिथे समाधान झाले नाही तर लोकपालाकडे. त्याने महिन्याच्या आत दोन्ही बाजू ऐकायच्या, कागद तपासायचे आणि अहवाल द्यायचा. तो शिफारस करतो. कुणाला निलंबित करत नाही, कुणाला पास करत नाही. त्याच्याकडे शिपाई असतो तोही दुपारपुरता, दुसऱ्या विभागाकडून मागून आणलेला.

या पदावर बहुधा निवृत्त न्यायाधीश किंवा प्राध्यापक नेमतात. मी प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो, पण त्याआधीची बरीच वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत वार्ताहर आणि नंतर उपसंपादक म्हणून गेली. तिथल्या सवयी घेऊन मी या खोलीत आलो. एकाच्या सांगण्यावर ओळ लिहायची नाही. ज्याचे म्हणणे त्यालाच वाचून दाखवायचे. विशेषणे शक्यतो गाळायची. शेवटची सवय सर्वांत उपयोगी पडली. वसतिगृहातल्या दोन मुली कपडे वाळत घालण्याच्या दोरीवरून चार महिने बोलत नव्हत्या. दोघींच्या अर्जांतली विशेषणे काढल्यावर खाली फक्त दोरी उरली. दुसरी दोरी बांधून प्रकरण मिटले. एका प्राध्यापकांनी तीन ओळींच्या तक्रारीला उत्तर म्हणून स्वतःचा अकरा पानी परिचय जोडला. तक्रारीबद्दल त्यात दोन शब्द होते, "आरोप अमान्य."

बहुतेक प्रकरणे अशी. एखादा फोन, एखादे पत्र, एखादी दिलगिरी. एक प्रकरण तसे नव्हते. त्यातली नावे मी बदलली आहेत. मार्थाबाईंचे तेवढे खरे आहे, त्यांना विचारून ठेवले आहे. पीक आणि आकडे जसेच्या तसे.

रोहिणी ही नेवासा तालुक्यातली, कृषी शाखेत पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी. विषय रब्बी ज्वारी. कमी पाण्यावर कोणते वाण तग धरतात, हे तिला पाहायचे होते. अठरा वाण, प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या जागी, असे चौपन्न छोटे प्लॉट विद्यापीठाच्या शेतावर पेरलेले. बाहेरच्या माणसाला ते एकच शेत दिसते. कोणता प्लॉट कोणत्या वाणाचा, हे सांगणारी एकच गोष्ट तिथे असते, प्रत्येक प्लॉटच्या तोंडाशी ठोकलेली बांबूची खुंटी आणि तिला बांधलेली चिठ्ठी. काढणीच्या वेळी ती चिठ्ठी खुंटीवरून सोडून त्या त्या प्लॉटच्या पेंढ्यांना बांधतात. मग मळणी, वजन, वहीत नोंद.

रोहिणी माझ्या खोलीत आली तेव्हा तिच्याजवळ एकच पत्र होते. तिचे मार्गदर्शक डॉ. कानडे यांनी विद्यापीठाला लिहिलेले. एका हंगामाचे उत्पादनाचे आकडे विद्यार्थिनीने बनावट भरले आहेत, सबब नोंदणी रद्द करावी. महाविद्यालयाच्या समितीने ते मान्य केले होते. पाच वर्षांचे काम जाणार होते. त्याहून वाईट म्हणजे 'बनावट' हा शब्द नावाला चिकटणार होता. तो चिकटला की पुढे कोणतीही संस्था दारात उभे करत नाही.

ती बसली नाही. मी गाव विचारले, तिने सांगितले. एसटीचे विचारले तेव्हा म्हणाली, "सर, मी गुण मागायला आले नाही. मी खोटं लिहिलं नाही एवढं तुमच्या कागदावर यावं." मग बसली.

घडले ते असे. दोन वर्षांपूर्वी ज्वारी काढणीला आली होती आणि रोहिणी नमुने तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली होती. सकाळी अवकाळी पावसाचा आणि गारांचा इशारा आला. डॉ. कानडे यांनी तिला दोनदा फोन केला. प्रयोगशाळेत फोन बाहेर पिशवीत ठेवावा लागतो, तिने उचलला नाही. त्यांनी शेतावरच्या मुकादमाला, बबनरावांना, सांगितले की आजच्या आज सगळे काढून खळ्यावर न्या. हा निर्णय चूक नव्हता. दुपारनंतर खरोखरच गारा पडल्या आणि शेजारच्या गावात उभी पिके झोपली.

बबनरावांनी हुकूम पाळला, पण आधी एक गोष्ट केली. ट्रॅक्टरची ट्रॉली आत न्यायची तर टायरला खुंट्या लागतील, म्हणून त्यांनी सगळ्या खुंट्या उपटून घेतल्या. माझ्यासमोर जबाब देताना त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, उलट थोडा अभिमानच होता. "चौपन्नच्या चौपन्न मोजून घेतल्या साहेब. धुतल्या, वाळवल्या, गोणीत बांधून स्टोअरला जमा केल्या. एक बी हरवली न्हाई."

मी विचारले, चिठ्ठ्यांसकट?

"चिठ्ठ्यांसकट. पावती हाय माझ्याकडं."

पावती होती. ती मी फाइलला लावली. सरकारी शेतावर वस्तू हरवली तर जाब असतो. वस्तू जिथे उभी होती ती जागा हरवली तर त्याचे रकाने कुठल्याच नोंदवहीत नाहीत.

तिसऱ्या दिवशी रोहिणी परतली. खळ्यावर ज्वारीची उंच रास होती, प्लॉटला दोन अशा एकशे आठ पेंढ्या, आणि एकीलाही चिठ्ठी नाही. ती तिथेच खाली बसली. काढणी करणाऱ्या सहा बायांपैकी मार्थाबाई तिच्याजवळ आल्या. मार्थाबाई या शेतावर रोजंदारीने तीस वर्षांहून अधिक काळ आहेत. रविवारी चर्च, बाकीचे सहा दिवस शेत. त्यांनी विचारले, रडायला काय झाले. कारण कळल्यावर म्हणाल्या, एवढंच ना, मी सांगते कुठली कुठली. त्यांनी सांगत जावे, रोहिणीने नवी चिठ्ठी बांधत जावे, असे दुपारपर्यंत चालले. चौपन्नपैकी एक्कावन्न प्लॉट त्यांनी सांगितले. उरलेल्या तीन प्लॉटच्या पेंढ्या पावसात सुटून ट्रॅक्टरवाल्यांनी पुन्हा बांधल्या होत्या. त्या त्यांनी सांगितल्या नाहीत. रोहिणीच्या वहीत ते तीन रकाने कोरे होते.

आणि बाकी वहीत काहीच नव्हते. काढणी कुणाच्या सांगण्यावरून झाली, खुंट्या उपटल्या गेल्या, प्लॉट कसे ओळखले, यातले एक अक्षर नाही. वजनांचे आकडे ओळीने, जणू सगळे रीतसर झाले. दोन वर्षांनी प्रबंध तपासताना डॉ. कानडे यांनी तारखा ताडून पाहिल्या, बबनरावांना विचारले, खुंट्यांची गोष्ट कळली, आणि त्यांनी तिला एकच प्रश्न केला की मग हे एक्कावन्न आकडे आले कुठून. ती म्हणाली, मार्थाबाईंनी सांगितले. ते पत्र त्याच दिवशीचे आहे.

दोघांना समोरासमोर बसवले तेव्हा डॉ. कानडे शांत होते. चांगले शास्त्रज्ञ, शब्दाला पक्के, विद्यार्थ्यांत कडक म्हणून ओळखले जाणारे. त्यांचा मुद्दा साधा होता. एकशे आठ सारख्या पेंढ्यांतून प्लॉट ओळखणे माणसाला शक्य नाही. शक्य नाही म्हणजे ते झालेले नाही. झाले नाही म्हणजे आकडे बनवलेले. तीन रकाने कोरे सोडलेत ते खरे वाटावे म्हणून.

मी रोहिणीला विचारले, वहीत लिहिले का नाही.

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिहिलं असतं तर काढणी सरांनी सांगितली हे लिहावं लागलं असतं. वही सहीला सरांच्याच टेबलावर जाते."

"मला सांगायचं तरी," डॉ. कानडे म्हणाले.

"फोन केला होता, सर. तुम्ही म्हणालात, पीक वाचलं ना, मग झालं."

त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मार्गदर्शकाच्या चुकीची ओळ मार्गदर्शकाच्याच सहीसाठी लिहायची, हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जमत नाही. त्याला तो उद्धटपणा वाटतो. रोहिणीने सरांना सांभाळण्यासाठी जी जागा कोरी ठेवली, तीच सरांनी तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडली होती. हे दोघांनाही त्या क्षणी कळले असावे. पण त्यामुळे मूळ प्रश्न सुटत नव्हता. ओळखणे शक्य आहे की नाही?

तो फेब्रुवारी होता. शेतावर दुसऱ्या एका विद्यार्थ्याची ज्वारी काढणीला आली होती, बारा वाण, छत्तीस प्लॉट. परीक्षा घेऊन पाहू, हे डॉ. कानडे यांनीच सुचवले आणि तिची आखणीही त्यांनीच केली. खुंट्या आधी काढायच्या. त्याच सहा बायांनी काढणी करायची. प्रत्येक पेंढीच्या पोटात क्रमांकाचा छोटा पत्रा खोल खुपसायचा, तो ते स्वतः खुपसणार. ट्रॉलीत भरताना दुसऱ्या माणसांनी पेंढ्या हव्या तशा मिसळायच्या. आणि बायांना आधी काही सांगायचे नाही.

शेवटची अट मी मान्य केली. तिची खंत मला आजही आहे. मार्थाबाईंविरुद्ध कुणाची तक्रार नव्हती, तरी तपासणी त्यांची होत होती, आणि त्यांना ते माहीत नव्हते.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही खळ्यावर गेलो. बहात्तर पेंढ्यांची रास. काय करायचे ते मार्थाबाईंना सांगितले. त्यांनी डॉ. कानडे यांच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"परीक्षा हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मंग आदी सांगायचं हुतं सायेब. चांगलं लुगडं नेसून आले असते."

बाकीच्या बाया हसल्या. मग त्यांनी पदर खोचला आणि काम सुरू केले.

पुढचा दीड तास मी टिपणे घेतली. ती समोर ठेवूनच लिहितो आहे.

त्यांनी प्रथम कणसाकडे पाहिलेच नाही. पेंढी उचलायची, बंध पाहायचा, बाजूला ठेवायची. पेंढी बांधायला ज्वारीचेच बारीक ताट, म्हणजे कणसाखालचा दांडा, वापरतात. पीळ देऊन त्याचे टोक खाली खोचायचे. हा पीळ प्रत्येकीचा वेगळा असतो. कुणी डावीकडे पिळते, कुणी टोक दोनदा खोचते, शांताबाईंचा बंध नेहमी कणसांच्या बाजूला सरकलेला. दहा-पंधरा मिनिटांत राशीचे सहा ढीग झाले, एकेकीचा एकेक, चार पेंढ्या तेवढ्या वेगळ्या राहिल्या.

बायांची पात ठरलेली असते. पात म्हणजे काढताना प्रत्येकीने धरायचा ओळींचा पट्टा. बांधाकडून मार्थाबाई, मग शांताबाई, आणि शेवटी विहिरीकडच्या कडेला हिराबाई. हा क्रम किती वर्षांचा, ते त्यांनाही आठवत नव्हते. म्हणजे बंध कुणाचा हे कळले की शेतातला पट्टा कळला.

मग त्यांनी प्रत्येक ढिगाचे तीन भाग केले. मी विचारले, हे कशावरून.

"येळेवरून," त्या म्हणाल्या. "सकाळी दंव असतंय, ताट वाकतंय. एकाच ताटाचा बंध पुरतो. ऊन झालं का ते मोडतंय, मंग दोन ताटं घ्यावी लागत्यात. अन दुपारच्याला पानं गुंडाळून घेतो आमी, हात कापतो म्हनून. बघा की."

मी पाहिले. एका ताटाचे बंध, दोन ताटांचे बंध, पानांत गुंडाळलेले बंध. सकाळी शेताचा पहिला भाग निघालेला, मग मधला, मग शेवटचा. बहात्तर पेंढ्यांवर त्या दिवसाचे ऊन टप्प्याटप्प्याने नोंदलेले होते. आयुष्यभर मी नोंदी वाचत आलो, ही मला वाचता येत नव्हती.

आता प्रत्येक लहान ढिगात दोनच प्लॉट उरले. तिथे पहिल्यांदा त्यांनी कणीस पाहिले, ताट बोटांनी दाबले, पेरांमधले अंतर अंगठ्याने मोजले आणि हा आधीचा, हा नंतरचा, असे सांगितले. शेतात उभे असताना पाहिले होते तेवढ्यावर. रोहिणी बाजूला उभी राहून लिहीत होती. डॉ. कानडे यांनी सुरुवातीला घड्याळ पाहिले, नंतर पाहिले नाही. मधल्या ढिगापाशी ते उकिडवे बसले आणि एक बंध हातात घेऊन सोडवून पाहिला, पुन्हा पिळून पाहिला. तो तुटला.

"जोर नगा लावू, सर," हिराबाई म्हणाल्या. "ती काय बैलाची येसन न्हाई."

वेगळ्या राहिलेल्या त्या चार पेंढ्या मार्थाबाईंनी शेवटपर्यंत कुठेच ठेवल्या नाहीत.

"ह्या न्हाई सांगत," त्या म्हणाल्या. "शांताला दुपारच्याला ताप आला, ती घरी गेली. तिच्या जागी नवी पोरगी आली हुती, तिचा हात मला ठावं न्हाई."

डॉ. कानडे म्हणाले, अंदाजाने सांगा.

"अंदाज कशाला? म्हाईत हाय ते सांगितलं. न्हाई ते न्हाई."

पेंढ्या सोडून पत्रे काढले. चौतीस प्लॉट सांगितले होते, चौतीस बरोबर निघाले. उरलेले दोन शांताबाईंच्या पातीतले, शेवटच्या भागातले, शेजारी शेजारी.

मी बातमीदारीत मंत्री पाहिले, पूर पाहिला, एक विमान शेतात उतरलेले पाहिले. तोंडातून शब्द न फुटण्याचा प्रसंग माझ्यावर फारसा आलेला नाही. त्या सकाळी आला. चौतीसपेक्षाही त्या दोन प्लॉटांनी मला गप्प केले. जे माहीत नाही ते सोडून देणारी साक्ष बातमीदाराला क्वचित मिळते. शास्त्रज्ञालाही क्वचितच मिळत असेल.

अहवाल दीड पानांचा झाला. आकडे बनावट नाहीत. ओळखण्याची पद्धत खरी असून ती तपासली गेली आहे. तीन कोरे रकाने हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. विद्यार्थिनीने घडलेली गोष्ट वहीत लिहिली नाही ही तिची चूक. काढणीचा आदेश मार्गदर्शकांनीही वहीत लिहिला नाही ही त्यांची चूक. नोंदणी कायम ठेवावी. त्या दिवसाची नोंद आजच्या तारखेने, घडले तसे, वहीत करावी आणि तिच्याखाली दोघांनी सही करावी.

विद्यापीठाने शिफारस मान्य केली. पण मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध पुढे जात नाही, आणि सही करा असे कोणताही लोकपाल सांगू शकत नाही. डॉ. कानडे यांनी आठवडाभर काही कळवले नाही. रोहिणी रोज दुपारी माझ्या कार्यालयाच्या व्हरांड्यात येऊन बसायची. विचारायची काही नाही. बसची वेळ झाली की उठून जायची.

आठव्या दिवशी निरोप आला की शेतावर या. खळ्याजवळच्या शेडमध्ये डॉ. कानडे वही उघडून बसले होते. रोहिणी उभी होती, बाया दुपारची भाकरी खाऊन उठत होत्या. नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. आदेश माझा, पहिली ओळ. खुंट्या उपटल्या, दुसरी. तिसरी ओळ अर्धी होती. 'प्लॉटची ओळख पटवली' एवढे लिहून ते थांबले होते.

"बाई, तुमचं पूर्ण नाव काय?" त्यांनी विचारले.

"मस्टरवर हाय की."

"इथं लिहायचंय."

मार्थाबाईंनी हात पुसले. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव सांगितले. डॉ. कानडे यांनी लिहिले आणि सहीसाठी पेन खाली आणले.

"सर, माझं एकटीचं नगा घालू," मार्थाबाई म्हणाल्या. "पीळ सगळ्यांचा हुता. आमी सा जनी हुतो."

ते थांबले. मग एकेकीकडे पाहत विचारत गेले. शांताबाई, कौसाबाई, रूथबाई, ताराबाई, हिराबाई. प्रत्येकीने पूर्ण नाव सांगितले, एकीला सासरचे आडनाव दोनदा सांगावे लागले. सहावे नाव पानाच्या तळाशी कसेबसे बसले. सहीला जागा उरली नाही. डॉ. कानडे यांनी पान उलटले, मागच्या कोऱ्या बाजूवर सही केली आणि पेन रोहिणीच्या हातात दिले.